वॉर्डातल्या बागेसाठी सरकारी निधी: आधी उतारा, मग टेप, सगळ्यात शेवटी झोपाळा

मार्च उजाडला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. ‘आमच्या बागेला वीस लाख मंजूर झालेत म्हणे, पुढं काय करायचं?’ सगळी गोम त्या ‘म्हणे’त असते. नगरसेवकांनी तोंडी सांगितलेलं असतं. महापालिकेच्या वर्षाच्या कामांच्या यादीत, म्हणजे कृती आराखड्यात, नाव नसतं, आणि असलंच तर ‘वॉर्डातील उद्यान विकास’ एवढ्या तीन शब्दांत. वीस लाखांत काय बसणार, कुठं बसणार, पाणी कुठून येणार, हे कुणीच लिहिलेलं नसतं. मग एकतीस मार्चच्या आत बिल निघावं म्हणून लोखंडी व्यायामाची साधनं येतात, आणि पुढच्या पावसाळ्यात ती गवतात दिसेनाशी होतात.

बेळगाव महापालिकेत ५८ वॉर्ड आहेत आणि प्रत्येकाला बाग हवीच आहे. निधी कमी पडतो हे खरं, पण आमच्या भागात बागा अडतात त्या बहुतेक कागदांचा क्रम चुकल्यामुळं. तो क्रम खाली दिलाय. निपाणी, गोकाक नगरसभा किंवा खानापूर पट्टण पंचायतीत कायदा वेगळा, अधिकाऱ्यांची पदंही वेगळी. क्रम मात्र जवळपास हाच.

१. जागा कुणाची आहे, ते आधी लेखी मिळवा

इथंच सर्वात जास्त लोक घसरतात. लोक म्हणतात, ‘चाळीस वर्षं बागच आहे की.’ असेल, पण फाईलला ते चालत नाही. चार शक्यता असतात.

जागा महापालिकेच्या नावावर असेल तर सिटी सर्व्हे ऑफिसातून सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हे नंबरचा, उतारा आणि नकाशा काढा. जुन्या शेतजमिनीवरच्या लेआउटमध्ये सीटीएस नंबर नसेल तर आर. एस. (रिव्हिजन सर्व्हे) नंबरचा उतारा आणि मंजूर लेआउट नकाशा, दोन्ही लागतात.

रामतीर्थनगर, कुमारस्वामी लेआउट यांसारख्या बुडाच्या (बेळगाव नगर विकास प्राधिकरणाच्या) वसाहतीत असाल तर बाग महापालिकेकडं हस्तांतरित झालीय का, हा पहिला प्रश्न. झाली नसेल तर महापालिका तिथं पैसा घालू शकत नाही आणि बुडा म्हणणार, ‘देणारच आहोत.’ या दोन खुर्च्यांच्या मध्ये वर्षं जातात. हस्तांतराच्या आदेशाची प्रत हातात असल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

कॅम्पातली बाग कॅन्टोन्मेंट बोर्डाची. तिच्यासाठी महापालिकेत अर्ज देणं म्हणजे टपालखर्च वाया. हिंडलगा, कंग्राळीकडं असाल तर ग्रामपंचायत गाठा.

चौथी शक्यता खाजगी लेआउटची. लेआउटमधली ठरावीक जागा उद्यान आणि मैदानासाठी सोडावी लागते, नागरी सुविधांसाठी आणखी वेगळी. नकाशात हिरव्या रंगानं दाखवलेला तुकडा विकासकानं खरंच सोपवलाय का ते बघा. नागरी सुविधांची जागा म्हणजे बाग नव्हे. ती पुढं दवाखान्याला किंवा शाळेला दिली जाऊ शकते. लोक हा घोळ फार करतात आणि मग दुसऱ्याच्या जागेत आपली झाडं लावून बसतात.

*सावधान:* बागेच्या कोपऱ्यात देऊळ, मंडळाची खोली किंवा कुणाचा पत्र्याचा शेड असेल तर तो नकाशावर दाखवाच. लपवलात तर मोजणीच्या दिवशी निघतो आणि फाईल ‘वादग्रस्त जागा’ असा शिक्का घेऊन परत येते.

२. टेप घेऊन स्वतः मोजा

इंजिनिअर मोजतीलच, तरी तुम्ही आधी मोजा. दोघं जण, तीस मीटरचा टेप, चौकोनी वही, रविवारची सकाळ. आमची बाग बारा गुंठ्यांची, साधारण ४० बाय ३० मीटर. मोजायला दीड तास लागला. कुंपण १४० मीटर निघालं. आतून फिरायची वाट १३० मीटर. झाडं एकोणीस, त्यातली चार अशी की वाट त्यांच्याशेजारून जाताना दीड मीटरपेक्षा रुंद होऊच शकत नाही.

हा दीड मीटरचा आकडा वहीत होता म्हणून पुढं कामाला आला. एस्टिमेट हातात आलं तेव्हा त्यात वाट १.८ मीटर रुंद धरलेली. फरक ०.३ मीटरचा, १३० मीटर लांबीवर तो ३९ चौरस मीटर पेव्हर्स (वाटेवर बसवायचे सिमेंटचे ठोकळे) होतो. जे कधी बसणारच नव्हते त्यांचे पैसे धरलेले. कुणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. दुसऱ्या बागेचं एस्टिमेट उघडायचं, नाव बदलायचं, अशी सवय असते. वही दाखवली, आकडा बदलला, आणि उरलेल्या पैशात गटार बसलं.

वहीत एवढं हवंच: उतार कुठून कुठं, पावसाचं पाणी कुठं साठतं, विजेचा खांब किती अंतरावर, नळजोडणी आहे का, दार किती रुंद. प्रत्येक झाडाला नंबर द्या. पाणी साठल्याचा फोटो जुलैतला असावा. मे महिन्यात प्रत्येक बाग कोरडीच दिसते.

३. मागणीचा क्रम ठरवा

रहिवासी मंडळाच्या बैठकीत ‘काय काय पाहिजे?’ असं विचारलंत तर झोपाळा, घसरगुंडी, कारंजं आणि पुतळा एवढं येतं. गटार कुणीच मागत नाही. म्हणून प्रश्नच वेगळा विचारा: ‘आज बागेत लोक का येत नाहीत?’ मग खरं निघतं. चिखल होतो, अंधार असतो, गुरं शिरतात, बायकांना बसायला जागा नाही.

माझा क्रम असा, आणि यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे: निचरा, कुंपण आणि दार, पाणी, उजेड, वाट, बाकडी, झाडं, आणि मग खेळणी. निचऱ्याआधी वाट केलीत तर बेळगावच्या चार महिन्यांच्या पावसात ती उखडते. शहापूर-येळ्ळूर बाजूच्या काळ्या चिकट मातीत तर पेव्हर्स पहिल्याच वर्षी लाटांसारखे होतात. तिथं माती काढून मुरूम भरल्याशिवाय वाट मागूच नका. टिळकवाडीकडच्या तांबड्या मुरमावर एवढा त्रास नाही.

लॉनचा मोह टाळा. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागं दिवसाला चार-पाच लिटर पाणी धरा. ४०० चौरस मीटर लॉन म्हणजे रोज दोन हजार लिटरच्या आसपास. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पिण्याचं पाणी गवताला मागणार कोणत्या तोंडानं? बोअर नसेल तर लॉन नको. बकुळ, करंज, जांभूळ, बहावा लावा. दोन उन्हाळे जगवले की पुढं फार मागत नाहीत.

*तपासा:* देखभाल कोण करणार, हे याच टप्प्यावर लिहून ठेवा. दार उघडणारा माणूस, पाण्याचं बिल, हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं बिल. या तीन ओळी नसलेला प्रस्ताव मी तरी पुढं पाठवत नाही.

४. कोणत्या पैशातून काय मागायचं

‘सरकारी निधी’ असं एकच गाठोडं नसतं. प्रत्येक पैशाला त्याचं हेड, म्हणजे खर्चाचं खातं, असतं आणि हेड चुकलं की ऑडिटमध्ये आक्षेप निघतो.

*केंद्रीय वित्त आयोगाचा निधी.* पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी दहा लाखांखालच्या लोकसंख्येच्या शहरांचा निधी असा विभागला: ४० टक्के मुक्त, ६० टक्के बांधील. बांधीलपैकी निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पर्जन्य जलसंचय आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी. बेळगाव शहर २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आत, म्हणजे याच गटात. झोपाळ्यासाठी बांधील पैसा मागाल तर तो नाकारला जाणार आणि ते बरोबरच आहे. पण बागेतला पाऊस मुरवण्याचा खड्डा ‘जलसंचय’ म्हणून वेगळा मांडता येतो. मुक्त भागातूनही पगार आणि आस्थापना खर्च होत नाही, त्यामुळं माळ्याचा पगार त्यात घालू नका. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ. फाईलवर जुन्या आयोगाचं नाव दिसलं तर शिल्लक रक्कम खरंच आहे का, ते लेखा विभागात विचारून या.

*राज्य वित्त आयोगाचा, म्हणजे एसएफसी निधी.* यात राखीव भाग असतात: २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर दुर्बल घटकांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. कार्यालयात हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. आपल्याला नसतात, म्हणून आपण ‘बागेला पैसे द्या’ एवढंच म्हणतो. दाराशी रॅम्प, चाकाची खुर्ची जाईल अशी वाट, हात धरायचा कठडा हे काम सुटं काढा आणि दिव्यांगांच्या पाच टक्क्यांतून बसतं का, ते विचारा. २४.१० टक्क्यांचा पैसा मात्र ज्यांचा आहे त्यांच्याच वस्तीसाठी. तो दुसऱ्या कॉलनीच्या बागेकडं ओढू नका, कुणी ओढायला सांगितला तर सही करू नका.

*आमदार-खासदार निधी.* आमदारांना वर्षाला २ कोटी, खासदारांना ५ कोटी. शिफारस त्यांची, पण मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून. इथं महापालिकेचं ना-हरकत पत्र आणि ‘देखभाल आम्ही करू’ असं हमीपत्र लागतं. लोक शिफारस-पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवतात आणि ना-हरकत पत्र आणायला विसरतात.

*अमृत २.०* या केंद्राच्या योजनेमध्ये तलाव पुनरुज्जीवन आणि हरित जागा बसतात, पण ते शहर पातळीवरचं प्रकरण. एका गल्लीतल्या बागेनं त्यामागं धावू नये.

दोन हेडमधून पैसा येणार असेल तर बागेचा एकच नकाशा करा आणि रंगीत पेन्सिली घ्या. आम्ही कुंपण आणि गटार निळ्यानं रंगवलं, बाकडी आणि दिवे लाल रंगानं. निळं महापालिकेचं, लाल आमदार निधीचं. एकाही वस्तूवर दोन रंग नाहीत. हा कागद पाहून इंजिनिअर हसले, पण झेरॉक्स काढून फाईलला लावून घेतली. एकच बाकडं दोन हेडमध्ये धरलं जाणं ही साधी चूक वाटते. कागदोपत्री मात्र तो दुबार खर्च असतो.

५. अर्ज कसा, कुठं, कोणत्या भाषेत

अर्ज आयुक्तांच्या नावे. प्रत वॉर्डच्या नगरसेवकांना, उद्यान पाहणाऱ्या अभियंत्यांना. वॉर्ड समिती कामकाज करत असेल तर तिचा ठराव जोडा. महापालिका कायद्यात अशा समितीची तरतूद आहे आणि ठरावाला वजन असतं.

आता भाषेचं. माझं मत अनेकांना आवडत नाही. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, मराठी प्रत मागं जोडा. मराठी कागदपत्रांचा हक्क हा वेगळा लढा आहे आणि तो लढावाच. बागेच्या फाईलवर तो लढलात तर केस वर्कर (फाईल हाताळणारा कारकून) ती भाषांतरासाठी बाजूला ठेवतो आणि बाजूला ठेवलेली फाईल कुणी उचलत नाही. कॉलनीत कन्नड लिहिणारा शेजारी असतोच. त्याची सही पहिली घ्या. बाग त्याचीही आहे, आणि मराठी-कन्नड सह्या एकत्र दिसल्या की ‘हा कुठल्या गटाचा अर्ज?’ हा प्रश्न उठत नाही.

मजकूर एका पानात बसवा. मागं उतारा, नकाशा, मोजमापाची वही, सहा फोटो, क्रमानं कामांची यादी, देखभालीच्या तीन ओळी. टपाल विभागात द्या, इनवर्ड (आवक) नंबर आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. ‘साहेबांच्या हातात दिला’ हा पुरावा नव्हे.

६. कॅलेंडर सांभाळा

कृती आराखडा ठरतो तेव्हा तुमचा कागद टेबलावर हवा. बजेटपूर्व नागरिक बैठका साधारण बजेटच्या एक-दोन महिने आधी होतात; तिथं जाऊन फक्त इनवर्ड नंबर आणि रक्कम सांगा, भाषण नको. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये राज्य विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर ते दोन आठवडे विसरा. सगळं कार्यालय रस्ते, राहण्याची सोय आणि बंदोबस्तात असतं. त्यामुळं अर्ज ऑक्टोबरच्या आत. दसरा-दिवाळीच्या सुट्ट्याही यातच येतात.

सभागृहात आराखडा मंजूर झाला की तो पुढं जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो. तिथून परत आलेल्या यादीत तुमच्या बागेचं नाव, सीटीएस नंबर आणि रक्कम, तिन्ही दिसायला हवेत. नुसता वॉर्ड नंबर असेल तर तो पैसा वॉर्डात कुठंही जाऊ शकतो. बहुतेक वेळा जातोच.

यादी मिळत नसेल तर माहिती अधिकार वापरा. कर्नाटकात अर्जाला १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘गेल्या पाच वर्षांतल्या सर्व बागांची सर्व माहिती’ असं लिहिलंत तर अर्ज परत येईल. एक बाग, एक वर्ष, एक कागद मागा.

७. एस्टिमेट ओळीओळीनं वाचा

पाच गोष्टी बघायच्या.

पहिली, कर. अशा कामावर १८ टक्के जीएसटी. वीस लाख मंजूर म्हणजे प्रत्यक्ष काम १६ लाख ९५ हजारांचं. तीन लाखांवर करातच गेले. शिवाय एक टक्का कामगार उपकर. लोक वीस लाखांची यादी करतात आणि शेवटची दोन कामं गळाली की ‘पैसे खाल्ले’ म्हणून ओरडतात.

दुसरी, दर. कुंपण, काँक्रीट, पेव्हर्स यांचे दर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीतले असतात. खेळणी आणि व्यायामाची साधनं बहुधा दरसूचीत नसतात. त्यांचे दर कोटेशनवर ठरतात. फुगवटा जिथं असतो तो इथंच. तीन कोटेशन्स मागा. तिन्हींवर अक्षर एकाच हाताचं नाही ना, एवढं पाहिलं तरी पुरे.

तिसरी, मोजमाप. तुमच्या वहीशी ताडून बघा.

चौथी, न दिसणारी कामं. व्यायामाच्या साधनाखाली काँक्रीटचा पाया, दिव्यांसाठी केबल आणि मीटर, बाकड्याखाली फरशी. आमच्याकडं एका बागेत साधनं आली, पायाची ओळ एस्टिमेटमध्ये नव्हती. ती मुरमात रोवली. तिसऱ्या महिन्यात एक आजोबा पाय चालवायच्या यंत्रासकट कलंडले. नशीब, खाली गवत होतं.

पाचवी, झाडं. ‘१०० रोपे’ एवढ्यावर समाधान मानू नका. रोपाची उंची, खड्ड्याचं माप, माती-खत, आधाराची काठी आणि दोन वर्षं पाणी, हे त्याच ओळीत लिहून घ्या. जुनं झाड तोडायचं असेल तर कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ खाली वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी आधी. काम सुरू झाल्यावर परवानगी मागायला गेलात तर काम तिथंच थांबतं.

तांत्रिक मंजुरी झाली की बदल अवघड. जे काही बोलायचं ते तिच्या आधी बोला.

८. टेंडर

इथं तुमचं काम थोडं. कर्नाटक सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायदा, १९९९ लागू होतो, टेंडर राज्याच्या केपीपीपी या खरेदी पोर्टलवर दिसतं. तिथून टेंडरची कागदपत्रं उतरवून ठेवा. टेंडर टाळण्यासाठी एक काम लहान लहान तुकड्यांत फोडणं बेकायदा आहे. ‘लवकर होईल’ म्हणून तुम्हीच ते सुचवू नका. ओळखीचा ठेकेदार घेऊन जाऊ नका. नंतर काम खराब निघालं तर तोंड उघडता येत नाही.

९. काम चालू असताना

वर्क ऑर्डरची प्रत मागून घ्या. बागेच्या दाराशी कामाचं नाव, रक्कम, हेड, मुदत लिहिलेला फलक लागला पाहिजे. तो लागेपर्यंत रोज विचारा.

कॉलनीतल्या निवृत्त माणसांपैकी दोघांना आठवडे वाटून द्या. सगळ्यांनी सगळं बघायचं ठरवलंत तर कुणीच बघत नाही आणि ठेकेदाराच्या माणसांना वीस मालक होतात. मजुरांना सूचना द्यायच्या नाहीत. दिसलं ते फोटो-तारखेसह इंजिनिअरना कळवायचं. झाकलं जाणारं काम झाकण्याआधी टिपा: पायाचा खड्डा, केबल, गटाराचा उतार, पेव्हर्सखालचा थर. गटार झाकण्याआधी वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता. खालच्या टोकाला ते किती वेळात येतं ते बघा. मध्येच थांबलं तर उतार चुकलाय आणि तो आजच दुरुस्त होऊ शकतो.

झाडांचे खड्डे मे महिन्यात, रोपं जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर. ३१ मार्चच्या घाईत लावलेलं रोप एप्रिलच्या उन्हात जातं. ठेकेदार फोटो काढून मोकळा होतो. झाडांचं बिल पावसाळ्यानंतर जगलेल्या रोपांवर काढा, असं पत्र आधीच देऊन ठेवा.

१०. बिलाआधी आणि बिलानंतर

अंतिम बिलाआधी मोजमाप पुस्तिकेतले, म्हणजे एमबीतले आकडे तुमच्या वहीशी पुन्हा ताडा. फरक असेल तर लेखी कळवा, टपालात द्या, शिक्का घ्या. तोंडी वाद घालून तुमचा रक्तदाब वाढतो, आकडा बदलत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सह्यांचा कागद पुढं केला जातो, ‘काम समाधानकारक’. हारतुऱ्यांच्या गर्दीत लोक सही करतात. करू नका, आठ दिवसांनी, वाट ओली करून, दिवे रात्री लावून बघितल्यावर करा.

कंत्राटात दोषदायित्वाचा काळ, म्हणजे दोष निघाला तर ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, लिहिलेला असतो आणि तोवर ठेकेदाराची काही अनामत अडकलेली असते. ती तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनानं लिहा. तिच्या आधी जो जुलै येईल, त्यात एका मुसळधार दिवशी छत्री घेऊन बागेत जा. पाणी कुठं साठलंय, कुठला पेव्हर हलतोय, कुठला दिवा बंद आहे, सगळ्याचे फोटो काढा आणि त्याच आठवड्यात पत्र द्या. अनामत सुटल्यावर तोच ठेकेदार तुमचा फोन उचलत नाही.